सतरा एके

आपला एक वाकतो,
पोटाशी काहीतरी धरल्यासारखा.
तिकडचा एक ताठ, काडीसारखा.
आणि आउस्मा तर काडेपेट्यांच्याच कारखान्यात हिशेबनीस,
कुल्दिगात, वेंटा नदीच्या काठी.
पोस्टकार्ड आलं तेव्हा
तिला आधी काड्याच दिसल्या.

एकोणपन्नास साल. ओम्स्कचा शिक्का. भावाचं अक्षर.
१११११११११११११११११
आणि खाली दोन शब्द : अजून आहे.

गणित इंडुलिसला यायचं, तिला नाही.
तिने बोटाने मोजले. सतरा.
म्हणजे कोडं घातलंय मेल्याने, ती म्हणाली,
आता उत्तर जाईस्तोवर त्याला थांबावंच लागेल.

शेवटी एक, म्हणून दोनाने नाही, पाचाने नाही.
अंकांची बेरीज सतरा, तिनाने नाही.
साताने भागलं, दोन उरले.
अकराने, एक.
तेराने, नऊ.
मग झिर्निस मास्तर आले, नुकतीच नोकरी गेलेले,
अर्धी पिशवी बटाटे घेऊन एक गोष्ट सांगून गेले :
हिला भागणारी मूळ संख्या असलीच कुठे
तर चौतिसाच्या पाढ्याच्या
एक पाऊल पुढे उभी असेल.

चौतीस त्रिक एकशेदोन : एकशेतीन बघ.
चौतीस चोक एकशेछत्तीस : एकशेसदतीस बघ.
चौतीस सत्ते दोनशेअडतीस…

पाढा दहाला थांबतो असं आपण समजतो.
तिचा थांबला नाही.
रात्री चार भागाकार, बोटं गरम असली तर पाच,
पेन्सिल कारखान्याची, वह्या कारखान्याच्या,
एका बाजूला खर्ची पडलेल्या वह्या.
पत्रात ती लिहायची, बाकी ठीक.
बाकी रोजच असायची.

छप्पन्नला तो परत आला,
डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून.
स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत राहिला.
ती रात्री काय लिहिते हे त्याने विचारलं नाही.
कारखान्याचा हिशेब असेल.
उत्तर सापडल्याशिवाय तीही बोलली नाही.
एका भिंतीच्या दोन बाजूंना
दहा वर्षं
एक खोकत होता, एक भागत होती.

सहासष्टच्या फेब्रुवारीत, वेंटा गोठलेली,
साठ हजार नऊशे तेहेतिसाव्या पायरीवर,
२०७१७२३.
बाकी शून्य.
तिने दिवा मोठा केला. पुन्हा केलं. शून्य.
दुसरा तुकडा : ५३६३२२२३५७.
मग उलटा गुणाकार, सात ओळींचा, तिरपा उतरत गेलेला,
आणि तळाशी एकामागून एक
एक, एक, एक,
कुणी रांगेत उभं केल्यासारखे.

सकाळी कागद त्याच्या चहापाशी ठेवला.
फुटली बघ तुझी संख्या.
कुठली संख्या, तो म्हणाला.
तिने पोस्टकार्ड काढलं.

तो बराच वेळ बघत राहिला.
अगं, हे दिवस आहेत, तो म्हणाला.
डब्यातले.
रोज एक रेघ मारायचो, फळीवर, खिळ्याने.
मग तेवढ्याच कार्डावर मारल्या.

चहावर साय आली.
त्याने तिचा गुणाकार जवळ ओढला,
तळाच्या ओळीवर उरलेलं बोट ठेवलं, सरकवत नेलं,
नवव्या एकावर थांबला.
या दिवशी पाणी दिलं, तो म्हणाला.
तेराव्यावर थांबला. काही बोलला नाही.

शेवटाला आल्यावरही बोट कागदाच्या कडेपर्यंत गेलं.
एकोणीस होते खरं तर.
शेवटचे दोन मी मारले नाहीत.

त्या रात्री आउस्माने नवी वही उघडली.
वर ओळ लिहिली, दोन काड्या वाढवून,
१११११११११११११११११११
खाली अडतिसाचा पाढा.
अडतीस पंचे एकशेनव्वद, एकशेएक्क्याण्णव बघ.

ही फुटत नाही.
ते तिला सांगायला मास्तर उरले नव्हते.
ती भागत राहिली,
आणि पलीकडच्या खोलीतून पहिल्यांदाच
त्याने विचारलं, किती उरले?